भज्यानं पाडलेला हौद

चहा घ्या, पण हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. माझ्या एका भज्यानं गावचा पाण्याचा हौद पाडला!

मी पुण्यात विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. काम काय? नकाशे सांभाळणं! एखादं भोक केसभर सरकलं तरी नवा नकाशा निघतो, आणि जुना हुडकून नष्ट करायचा. चुकून कुणी जुन्यावरून भाग बनवला तर? विमान आहे हो ते, बैलगाडी नाही! हा नियम अंगात इतका मुरलाय, की बायकोनं नवं कॅलेंडर भिंतीला लावायच्या आत मी जुनं फाडतो.

एका दुष्काळात आमच्या गावी, युसूफ वडगावला, दूध संस्थेनं चारा छावणी उघडली. चेअरमन आमचे चुलते, अप्पा. जनावरांना पाणी पाजायला जुना हौद एकच, तोही लहान. शेजारी मोठा बांधायचं ठरलं. नकाशा कुणी काढायचा? घरचा विमानवाला असताना दुसरा कशाला! मी काढून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. मग त्यात उतार चुकलेला दिसला, म्हणून सुधारलेला पाठवला आणि कँटीनमधून अप्पांना फोन लावला. तोंडात गरमागरम भजं.

“अप्पा, नवा मिळाला ना? मग जुना फाडून टाका!”

“पाडून? आरं, जुना कावून पाडायचा?”

जीभ पोळलेली, त्यात रेंजची बोंब. मला ‘फाडायचा’ असंच ऐकू आलं.

“नियम आहे! गावात एकही जुना शिल्लक नको.”

“आन् जनावरं रं?”

म्हटलं, कागद खातील अशी भीती दिसतेय. “जनावरांचं तोंड तर लागूच देऊ नका!”

“लई अवघड हाय बाबा तुमचं,” अप्पा म्हणाले. “पर तू इमानातला मानूस. तुला कळतंय.”

दुसऱ्या दिवशी अप्पांचा फोन. “पाडला रं बाबा.”

“शाब्बास! बारीक तुकडे केले ना?”

“तुकडे? म्हादू गवंडी सकाळधरनं पहार हाणतोय!”

कागदाला पहार? तेव्हा उजेड पडला: नकाशा फाडला नाही, हौद पाडला! छावणीभर तहानलेली जनावरं, संध्याकाळी टँकर येणार, आणि पाणी ओतायला हौदच नाही!

मिळेल ती एसटी धरून गाव गाठलं. बघतो तर टँकरभोवती जत्रा! लग्नाच्या पंगतीची पातेली, संस्थेचे दुधाचे कॅन, आमच्या आईचं तांब्याचं घंगाळ. एक म्हैस त्या घंगाळात तोंड घालून निवांत पीत होती, आणि आई तिच्यावर नाही, माझ्यावर डोळे वटारून उभी होती. खरं सांगतो, मला रडू यायचंच बाकी होतं. पण एकही जनावर तहानलेलं राहिलं नाही, म्हणून वाचलो.

“तूच म्हनलास ना बे, एक बी जुना ठिऊ नका म्हनून?” अप्पा म्हणाले.

पुढं नवा हौद झाला. झकास झाला! अप्पांचं मन मोठं, उद्घाटनाला मलाच बोलावलं. सगळं गाव जमलेलं. म्हादू गवंडी नारळ घेऊन हौदापाशी उभा. मी ऐटीत हात वर केला आणि म्हणालो, “हां, फोडा!”

म्हादू जागचा हलेना.

“काय फोडू सायेब,” तो म्हणाला, “नारळ का हौद?”