एकोणतीसचा पाढा आणि डॉक्टरकाकांचा बास

मासे भरपूर लागले की माणूस घरी येतो, जेवतो आणि झोपतो. नाही लागले की गप्पा मारत बसतो! आमच्या ग्रुपकडे दोन हजार दोन ते पाच या चार वर्षांत जेवढे किस्से साठले, त्यावरून आमची मासेमारी कशी चालायची याचा अंदाज तुम्हीच करा. अजूनही कुणाकडे जेवायला गेलो की ताटं वाढेपर्यंत एखाददुसरा सांगावाच लागतो.

ग्रुप म्हणजे चौघंच. डॉक्टरकाका, वय अडुसष्ट, रिटायर झालेले. अमोल, नागपूरचा, एच-वन व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला. आमचे हे. आणि मी. मी तेव्हा अमेरिकेत आयसेलिनला साडीच्या दुकानात कामाला होते. शिक्षण जुनी अकरावी, माहेर रेवदंड्याचं. म्हणजे मासा कळायचा तो मला एकटीला, आणि इंग्रजी मासिकं वाचून मला शिकवायचे ते बाकी तिघं!

दिवाळी झाली की आमचा सीझन सुरू. झाडांची पानं गळालेली, बोटवाल्यांनी बोटी झाकून ठेवलेल्या, शहाणी माणसं घरात बसलेली. तेव्हा आम्ही दर शनिवारी पाऊण तासावरच्या तळ्याकाठी बास, म्हणजे तिकडचा गोड्या पाण्यातला मासा, धरायला उभे! का, तर काकांनी वाचलं होतं की थंडी पडायच्या आधी बास खाऊन खाऊन जाड होतो.

"आपल्यासारखाच की," हे म्हणाले. "दिवाळीनंतर माझंही तेच होतं."

* * *

पहिल्या वर्षी अमोलने ऑफिसच्या प्रिंटरवर रस्त्याचे डायरेक्शन्स छापून आणले आणि जाहीर केलं, "मासे पहाटे खातात. साडेपाचला तळ्यावर पोचायचं!"

पोचलो. इतकी थंडी की रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरलेला. साडेपाच ते बारा आम्ही पाण्यात गळ टाकत होतो आणि काढत होतो. कशालाही काही लागलं नाही. ह्यांच्या नाकाला तेवढी गळती लागली.

बाराला एक म्हातारा अमेरिकन आला. जेवून आला होता, दातात काडी होती. उन्हातल्या खडकांच्या कडेला, जिथे पाणी एकदम खोल होतं, तिथे त्याने गळ टाकला. तासाभरात तीन बास काढले, तिन्ही सोडले आणि निघाला.

अमोलने धावत जाऊन विचारलं, "सर, तुमचं टेक्निक काय?"

तो म्हणाला, "मी उशिरा उठतो."

* * *

माझा पहिला धक्का निराळाच होता. दुसऱ्या आठवड्यात अमोलला बास लागला. चांगला दीड किलोचा, हिरवा, तोंड हे एवढं! मी घरून ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि कोकमं घेऊनच गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर कालवण उकळायला लागलं. आणि अमोलने त्याचा फोटो काढला, त्याला "बाय यार" म्हटलं आणि चक्क पाण्यात सोडून दिलं!

"मेल्या, जेवण सोडलंस!" मी ओरडले.

"काहून मावशी? कॅच अँड रिलीज असतं ते."

काकांनी त्याची बाजू घेतली. काका शाकाहारी. अंडंसुद्धा वर्ज्य. म्हणाले, "सुनंदा, मी चाळीस वर्षं माणसं धरली, तपासली आणि सोडली. माशाचंही तेच करायचं."

त्या रात्री फोनकार्ड लावून रेवदंड्याला आईला सांगितलं. आईने आधी मासा केवढा होता ते दोनदा विचारून घेतलं. मग हळूच म्हणाली, "नासका असतो का गं तो?"

तरी चारही वर्षं मी दर शनिवारी वाटण नेलं. दर शनिवारी त्यात बटाटे घालून खाल्ले.

* * *

एकदा तळ्यावर मासेमारीच्या तपासणीसाठी सरकारी वॉर्डन आला. उंच, टोपी, कमरेला पट्टा. लायसन्सं बघितली, ती ठीक होती. मग त्याची नजर खुर्चीवरच्या डब्यावर गेली. काकूंनी, म्हणजे डॉक्टरकाकांच्या मिसेसनी, बेसनाचे लाडू दिले होते. पिवळे, गोल, वर एकेक बेदाणा.

त्याने एक लाडू उचलला, वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "ह्यावर काय लागतं?"

अमोल म्हणाला, "डायबेटिस."

वॉर्डनने दोन खाल्ले.

* * *

थंडीत बासला जिग लावायची. जिग म्हणजे शिशाचा गोळा, त्याला गळ, आणि गळ झाकायला रबरी झालर. अमोलने तऱ्हेतऱ्हेच्या झालरी विकत आणल्या होत्या. केशरी, पोपटी, एक तर चक्क चमकीची! मी म्हटलं, "अरे, थंडीत एवढं भडक कोण नेसतं?"

तो हसला. मी दुकानातून पदराचे उरलेले रेशमी गोंडे आणले. तपकिरी आणि मेंदी रंगाचे. तळ्याचा रंग त्या दिवसांत तसाच होतो. एका जिगेची रबरी झालर काढून तिथे गोंडा बांधला. पाण्यात टाकला की रेशीम असं काही सावकाश फुलायचं!

त्या शनिवारी मला दोन बास लागले. अमोलला शून्य.

सोमवारी तो दुकानात हजर. गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं. तो काउंटरवर वाकून म्हणाला, "मावशी, त्यातला मेंदी कलर अजून आहे का? मला शनिवारी लावायचाय."

शेजारी उभ्या बाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमच्या रंगाला वांगी चांगला दिसेल हो!"

* * *

आमचे हे तळ्यावर फक्त झोपायला येत. घडीची खुर्ची, कानटोपी, रॉड दोन गुडघ्यांत धरलेला. एकदा ते घोरत असताना रॉड वाकला. अमोलने झडप घातली, ओढाताण केली आणि बास काढला. ह्यांना जाग आली.

"माझा मासा!" हे म्हणाले.

"तुम्ही झोपले होते ना! ओढला मी!"

अर्धा तास भांडण! शेवटी डॉक्टरकाकांकडे निवाड्याला गेले. काकांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "ज्याच्या हातात असताना लागला, त्याचा मासा. ओढणारा नुसता हमाल."

"पण ह्यांच्या हातात नव्हता, गुडघ्यात होता!"

"मग गुडघ्यांचा."

तेव्हापासून आमच्यात हा कायदा झाला. आणि कायदा करणाऱ्या काकांनाच चार वर्षांत एकही बास लागला नव्हता! मासिकं त्यांची, रॉड सगळ्यात चांगला त्यांचा, पाण्याचं तापमान मोजायला थर्मामीटरही त्यांचा. पण बास नाही.

दर शनिवारी त्यांना घरी सोडायला गेलो की काकू गॅरेजच्या दारात उभ्या. विचारणं एकच.

"लागला?"

काका खोटं बोलत नसत. "नाही."

"बरं. हात धुवा."

गॅरेजच्या नळावर साबण ठेवलेलाच असायचा. हात धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही. मग मासा लागो न लागो!

* * *

काकांचं चुकत कुठे होतं ते मला कळलं होतं. थंड पाण्यात बास आळसावतो. पळत्याच्या मागे तो पळत नाही. जिग खडकाच्या कडेला तळाशी जाऊ द्यायची, वीतभर ओढायची आणि थांबायचं. बेसन भाजताना कसं, आच वाढवली की करपलं! काका सर्जन होते. त्यांना थांबायची सवयच नव्हती. दोन सेकंद झाले की हात शिवशिवायचा.

मी म्हटलं, "काका, एकदा ओढा, आणि एकोणतीसचा पाढा म्हणा. संपला की पुन्हा ओढा. पाढा संपेपर्यंत हात हलवायचा नाही!"

मी तसंच करायची. मला मात्र पाढे मनात म्हणता येत नाहीत. शाळेत गुरुजींनी मोठ्यानं घोकून घेतलेले, ते मोठ्यानंच येतात. अमोल कुरकुरायचा, "मावशी, मासे पळतील." पळायचे तर नाहीतच.

काकांनी मनावर घेतलं. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." चोकपर्यंत आले आणि त्यांची दोरी सरकायला लागली. सरळ बाजूला चालली होती!

"काका, लागला! ओढा!" अमोल किंचाळला.

काकांनी डावा हात वर केला. "थांब रे. पाढा पुरा होऊ दे."

"काका!"

"...सक एकशे चौऱ्याहत्तर, सत्ते दोनशे तीन, अठ्ठे... अठ्ठे..."

एकोणतीस अठ्ठ्याला भलेभले अडकतात. काका दोनदा मागे जाऊन आले. तोवर बासने जिग थुंकून टाकली आणि निघून गेला.

काकांनी रिकामा गळ बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोनशे बत्तीस. आता आठवलं."

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण घरी जाईपर्यंत टोचत राहिलं. मासा लागला तर पाढा सोडून द्यायचा, हे मी सांगायलाच विसरले होते.

* * *

चौथ्या वर्षी काकांनी घर विकलं. मुलगा रेडमंडला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिकडे कायमचं जायचं ठरलं. सोमवारचं विमान होतं. शनिवारी आम्ही शेवटचे तळ्यावर गेलो.

"तिकडेपण मासे असतात ना काका," अमोल म्हणाला.

"तिकडे सॅमन असतो. नव्या माशाची ओळख करून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही."

दुपारचे दोन वाजले. ऊन खडकांवर आलं होतं, पाणी काचेसारखं शांत. माझ्या मेंदी गोंड्याची जिग मी काकांच्या रॉडला बांधून दिली होती. काहीच लागत नव्हतं. थंडीत म्हाताऱ्या माणसाचं जे होतं ते काकांचं झालं. "सुनंदा, हा धर जरा. आलोच," म्हणून त्यांनी रॉड माझ्या हातात दिला. झाडं सगळी बोडकी, त्यामुळे आडोसा शोधत चढावरच्या एकुलत्या एका पाइनमागे गेले.

मी वीतभर ओढलं, थांबले आणि सुरू केलं. एकोणतीस एके एकोणतीस.

सत्ते दोनशे तीन म्हटलं आणि दोरीत टक् झालं. फार नाही. ओल्या साडीचं टोक कुणीतरी धरावं तेवढंच. मग जड लागलं.

मी गप्प झाले. कायद्याने मासा माझाच, आणि ओढला असता तर ते सगळ्यांना कळलं असतं. न ओढता सोडला तर पाच सेकंदांत थुंकून गेला असता. हे घोरत होते, अमोल पाठमोरा गाठ सोडवत होता. मी दोरी नुसती ताठ धरली, अलगद. देवाला सांगितलं, एवढ्यात थुंकायला लावू नको.

पाइनमागून काका आले. घाईघाईनंच आले.

"काका, घ्या तुमचा रॉड," मी म्हटलं. "माझी बोटं गारठली."

काकांनी रॉड घेतला. माझ्याकडे एकदा बघितलं.

"ओढा," मी म्हटलं.

काकांनी ओढला! रॉड धनुष्यासारखा वाकला. रील किरकिरलं. अमोल नाचायला लागला, हे उठून बसले, तेवढ्यात खुर्ची मिटली आणि ते पुन्हा आडवे झाले! चार-पाच मिनिटांनी काकांनी बास काठावर आणला. माझ्या दुकानाच्या टेपने अमोलने मोजला, साडेअठरा इंच! चार वर्षांतला सगळ्यात मोठा.

काकांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं.  म्हणाले, "सुनंदा, वाटण आणलंयस ना? तुला हवा तर ने घरी."

वाटण पिशवीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मीच म्हटलं, "सोडा काका."

त्यांनी गुडघ्यांवर बसून त्याला पाण्यात धरलं. शेपटी हलली, आणि गेला. मग काकांनी लाडवांचा डबा उघडला आणि आपल्या हातानं एकेकाच्या तोंडात लाडू भरवला. ह्यांना दोन.

 गाडीत उरलेला डबा ह्यांनी मांडीवर घेतला होता.

गॅरेजच्या दारात काकू. मागे सगळी खोकी बांधून ठेवलेली. अमोलने मला डोळा मारला.

"लागला?" काकूंनी विचारलं.

"लागला," काका म्हणाले. "सुनंदाला. मी नुसता हमाल."

अमोलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही हो काका, तुम्हीच..."

"मी झाडामागे होतो," काका काकूंना म्हणाले. "पाढा ऐकत होतो. सत्ते दोनशे तीनला थांबला. हिचा पाढा कधी अडत नाही. मी आहे तसा धावत सुटलो!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं.  पुढे येऊन माझे गार हात आपल्या हातांत घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग त्यांच्या मनात काहीतरी आलं आणि त्या सावकाश काकांकडे वळल्या.

"आहे तसा धावत सुटलात," त्या म्हणाल्या, "म्हणजे हात?"

"तळ्यात बुडवले की! मासा सोडताना!"

"आणि लाडू? लाडू कुणी वाढले?"

अमोल खोकी मोजायला लागला. ह्यांच्या तोंडात तेव्हा तिसरा होता.