ओरडायचं राहिलं

आमच्या काळाचौकीच्या चाळीतली एक ताई सायकलच्या शर्यतीत उतरायची. मलाही तिनेच शिकवलं. सकाळी लवकर आम्ही दोघी एकीमागे एक परळकडे निघायचो. पुढच्या सायकलला चिकटून चालवलं की वारा कमी लागतो, पण मागचीला रस्ता दिसत नाही. म्हणून खड्डा आला की पुढचीने ओरडून सांगायचं, हा नियम. मला रस्त्यात ओरडायची लाज वाटायची. माणसं वळून बघतात.

राज्याच्या संघाच्या निवडीला नऊ दिवस उरले होते. त्या दिवशी मी पुढे होते. खड्डा मला दिसला. बसस्टॉपवर चार-पाच पुरुष उभे होते. मी न ओरडता नुसतीच बाजूने वळले. ताई खड्ड्यात गेली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमध्ये तिच्या बाबांनी मला विचारलं, "नक्की काय झालं गं?"

"खड्डा होता, काका."

"खड्डे काय आज पडलेत? हिलाच स्पीडची मस्ती! मुलींना कशाला हवी रेस?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिले.

"माझंच लक्ष नव्हतं, बाबा," ती म्हणाली.

निवड हुकली. बाबांनी सायकल विकून टाकली. खांदा बरा झाल्यावर तिने दुसरी मागितली, तेव्हा मी त्यांच्या दारातच उभी होते.

"तूच म्हणालीस ना, लक्ष नव्हतं? मग विषय संपला," ते म्हणाले.

तेव्हाही मी काही बोलले नाही.