न काढलेल्या फोटोंचे शकीलभाई

महिन्यापूर्वी पांढरकवड्याहून धाकट्या भावाचा फोन आला. मी लोहाऱ्याला माझ्या घरी पोळ्या लाटत होते. "शकीलभाई गेले," तो म्हणाला. गॅस बंद केला आणि तशीच खुर्चीवर बसले. आणि आठवून आठवून मला चक्क हसू आलं... कारण शकीलभाई म्हटलं की आधी माझी आजीच आठवते, त्यांच्या फोटो स्टुडिओत तरातरा शिरणारी.

कापसानं सगळ्यांचे हाल केलेली, गावोगावी शेतकऱ्यांनी जीव दिलेली ती वर्षं. शकीलभाईंनी नवा कॉम्प्युटर घेतला होता, पण त्यावर काम एकच. लग्नाच्या घोळक्यातून एखादा चेहरा कापायचा, मोठा करायचा आणि हार घालायला फ्रेम करून द्यायचा. "आपल्या इकडं मानूस गेल्यावरच त्याचा फोटो मोठा होते," असं ते एकदा वडिलांना म्हणाले होते. अशा दिवसांत आजी केळापूरहून मला घेऊन पांढरकवड्याला त्यांच्या स्टुडिओत गेली.

"मले माह्या तरनेपनचा फोटो पाह्यजे."

"तवा काढला होता का, आजी?"

"काढला असता तं तुह्याकडं कायले आली असती?"

शकीलभाई कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले असावेत, कारण आतून त्यांची बायको बघायला आली.

आजीनं मला पुढे केलं. मी सतरा वर्षांची, आणि सगळे म्हणत तशी हुबेहूब तिच्यासारखी. छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षेला गेली तेव्हा ती याच वयाची होती. लुगडं कसं नेसायचं, पदर कुठं खोचायचा, सगळं तिनं स्टुडिओत उभं राहून सांगितलं. शकीलभाईंनी माझा फोटो काढला, मग आजीचा. तिच्या कपाळावरचं गोंदण कॉम्प्युटरवर उचलून त्यांनी माझ्या कपाळावर बसवलं. रंग काढून फोटो तपकिरी केला, कडा उडवल्या, कोपऱ्यात ओल लागल्यासारखा डाग दिला. बघता बघता पडद्यावर मी उरलेच नाही.

"आता लुगडं पांढरं करतो. दीक्षेले सारे पांढऱ्यात होते न?"

"घरात पांढरं एकच होतं. ते सासूनं नेसलं. मी लग्नातलं हिरवं नेसली."

शकीलभाई थांबले. मग त्या तपकिरी फोटोत फक्त लुगडं हिरवं झालं... शेतात पहिलं पान फुटावं तसं.

घरी मात्र वडील भडकले. "हा खोटा फोटो हाय. त्या दिवसाची खोटी निशानी माह्या घरात लागनार नाही." निरोप मिळताच शकीलभाई स्वतः आले. "दादा, तुमचं बरोबर हाय. मी वापस नेतो," म्हणत त्यांनी फ्रेमला हात घातला. आजीनं तो हात धरला. वडिलांकडे वळून म्हणाली, "फोटो खोटा असन. पन मी गेलती, ते खोटं हाय का? हिरवं लुगडं खोटं हाय का?"

शेवटी शकीलभाईंनीच तोड काढली. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहून आणलं: 'आजीच्या सांगण्यावरून, नातीवर काढलेला.' वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि स्वतःच खिळा ठोकला.

मग वस्तीतल्या म्हाताऱ्या आपापल्या नातींना धरून स्टुडिओत जाऊ लागल्या. प्रत्येकीला एकच रंग मिळायचा, आणि तो तिनं निवडायचा. कुणी लाल बांगड्या मागितल्या, कुणी निळा काठ. एकीला तर फक्त केसांतलं अबोलीचं फूल हवं होतं. हार घालायच्या फ्रेमा मागे सरकल्या, आणि दुकानाच्या काचेत जिवंत बायांचं तरुणपण ओळीनं उभं राहिलं.

पुढच्या जयंतीला त्या सगळ्याजणी आपापला फोटो छातीशी धरून मिरवणुकीत चालल्या. पुढे आजी. मुलं ओरडत होती, "ते पाहा, आपली आजी!" शकीलभाई कॅमेरा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे, डोळे पुसत. आजीनं हाक मारली, "शकील, रडून काय राह्यला? आता खराखुरा काढ!"

त्यांनी काढला. परवा शकीलभाईंच्या बायकोला, भाभींना, भेटायला गेले, तेव्हा तो त्यांच्या खोलीत भिंतीवर होता. सुरकुतलेले चेहरे, निळे झेंडे, धूळ, ऊन, तोंड उघडून हसणारी आजी. सगळे रंग जसेच्या तसे.

"याले त्यांनी हातच लावला नाही," भाभी म्हणाल्या. "म्हनत, यात काय कमी हाय?"