भाटव्यांच्या नाचावर हक्क कोणाचा

माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या नाचावर माझा कोणताही हक्क पोहोचत नाही, असे मला एका कॅमेऱ्याने कळवले.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या तहसील कचेरीबाहेर मी आयुष्यभर अर्जनवीस म्हणून बसलो. लोकांचे अर्ज, हरकती, नोटिसा लिहिल्या. त्यामुळे 'हक्क नाही' हे शब्द कानी पडले की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. तेव्हा मी याला गुण समजत होतो.

माझी थोरली बहीण अक्का अर्जुनी मोरगावला राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाटवे, माझ्या मुलाच्या वरातीत मनसोक्त नाचले आणि पुढच्याच वर्षी गेले. त्यांचे हलते चित्र म्हणून तेवढेच उरले. अक्काला काचबिंदू झाला होता. जे पाहायचे ते लवकर पाहून घ्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिने एकच मागणे घातले.

"नामा, ह्यांचा नाच एकडाव दाखव रे. मंग डोळे गेले त जाऊ दे."

मूळ कॅसेटवर नातवाचे नामकरण चढले होते (ही काटकसर माझीच). लग्न उरले होते ते फक्त कॉम्प्युटरमध्ये. अक्काकडे टीव्हीखेरीज काही नव्हते. म्हणून माझ्या सुनेने, वर्षाने, ठरवले की लग्न पुन्हा कॅमेऱ्यातल्या कॅसेटवर उतरवायचे आणि तो कॅमेरा मोरगावला नेऊन टीव्हीला जोडायचा.

मी एक अट घातली. त्याच वरातीत मंडपाच्या दारात बँडवाल्याशी माझा वाद झाला होता. वाजंत्रीची परवानगी चौकापर्यंतच आहे, हे मी त्याला कलमासह समजावत होतो आणि तो "साहब, पहले दूल्हे को तो उतरने दो" एवढेच म्हणत होता. हे दृश्य अशोभनीय असल्याने झाकावे, असे मी सुचवले.

"बाबा, तिथं आतोबा पण आहेत ना. तुमचा हात धरून ओढून राहिले," वर्षा म्हणाली. भाटव्यांना ती आतोबा म्हणे.

"त्यांचा नाच त्याआधी पुरेसा आला आहे."

तिने डीव्हीडीवरून सिनेमातल्या एका गाण्याचा तुकडा घेतला आणि तिथे चिकटवला. मी बोट उगारून उभा होतो, त्या जागी आता नायक-नायिका बागेत फिरू लागले. ही सुधारणा मला फार पसंत पडली. मग वायर जोडली, कोरी कॅसेट घातली, बटण दाबले. कॅमेऱ्याने इंग्रजीत एक ओळ दाखवली आणि गप्प झाला.

"काय म्हणतो?"

"कॉपी प्रोटेक्टेड म्हणून राहिला. याची नक्कल करता येत नाही."

"कोणाच्या हक्काखाली?"

"ते नाही लिहिलं, बाबा."

वर्षाने वायर बदलली, कॅमेऱ्याचे हेड पुसले, गोंदियाहून दुसरी कॅसेट मागवली. नकार कायम. ती म्हणाली, "थांबा, विचारते कोणाले तरी." पण तोवर मी पेनाचे टोपण काढले होते.

कॅमेरा कंपनीला रजिस्टर पत्र गेले, पोचपावतीसह. 'सदर नाचणारे इसम माझ्या भगिनीचे कायदेशीर पती असून त्यांच्या नाचावर आपल्या कंपनीचा हक्क कोणत्या दस्तऐवजाने निर्माण झाला, ते कळवावे.' सोबत भाटव्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची आणि अक्काच्या शिधापत्रिकेची साक्षांकित प्रत जोडली.

महिन्याने उत्तर आले. त्यात विचारले होते, की चित्रफितीत विकतच्या डिस्कवरचा काही भाग घेतला आहे काय. मला हा सरळसरळ चोरीचा आरोप वाटला. ते पत्र मी कोणालाही न दाखवता फाइलला लावले आणि चार पानी हरकत लिहिली. मग स्मरणपत्र. मग स्मरणपत्राचे स्मरणपत्र.

मधे अक्काचा फोन आला. "काऊन रे नामा, कवा आणतं?"

"प्रकरण लढून राहिलो, अक्का."

"कोणासंग?"

"कंपनीशी."

"मले कंपनी नाही पाहाची रे."

शेवटी घरची शिधापत्रिका शोधताना वर्षाच्या हाती ती फाइल लागली.

"बाबा, हे पत्र कधी आलं?"

"आवक तारीख वर टाकली आहे."

"दुसरा पॅरा वाचला का?"

"वाचला. त्याला सडेतोड उत्तरही दिलं."

"उत्तर नव्हतं द्यायचं. गाणं काढायचं होतं. कुलूप त्या गाण्यालेच आहे."

तिने गाणे काढले. भाताचा कुकर उतरेपर्यंत कॅसेट तयार झाली. माझी पाच महिन्यांची फाइल शेजारीच पडून होती.

मोरगावला आम्ही टीव्ही लावला तेव्हा अक्का त्याच्या अगदी पुढ्यात बसली. खिडकी कुठे आहे एवढेच आता तिला समजत होते. भाटवे नाचत होते आणि ती कान लावून नुसता बँड ऐकत होती. मला मान वर करवेना.

गाणे निघाल्याने त्याखालचे मूळ दृश्य आवाजासकट परत आले होते. मंडपाचे दार आले, माझे कलम सुरू झाले आणि मधेच भाटवे बोलले, "नामदेवा, कायदा घरी ठेव बाप्पा, नाच."

अक्का ताठ झाली. "मांगं घे. ह्यांचा आवाज आला."

मी मागे घेतले. पुन्हा घेतले. भाटव्यांचे तेवढेच एक वाक्य, आणि त्याच्या आगेमागे मी, परवानगी, चौक आणि कलम. किती वेळा ऐकले कोणास ठाऊक. अखेर तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले.

"नामा, तू गप असलेली कॅसेट नाही का रे?"

"केली होती, अक्का," मी म्हणालो. "तीच चढत नव्हती."