आणखी एकदा शुद्ध

“घाई करू नका. स्फटिक आपल्या मनानं येतात,” असं म्हणत आमचे रसायनाचे प्राध्यापक काचेचं भांडं खिडकीशी धरायचे आणि एक डोळा मिटायचे. गरम पाण्यातलं ॲसिटानिलाईड निवू लागलं की अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे तरंगायला लागत. दरवर्षी मुलं नवी, पापुद्रे तेच. पण यांच्या चेहऱ्यावर दरवेळी पाळण्यात डोकावणाऱ्या माणसाचा आनंद असायचा.

सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजात ते रसायन शिकवायचे आणि मी फिजिक्स. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. “काय फिजिक्सवाले?” एवढंच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चहातली साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळत राहतात, तोवर आपला चहा निवून जातो.

ते मूळचे आष्ट्याचे, शेतकऱ्याघरचे. त्यामुळे वर्गात उपमाही तशाच. “ॲनिलिन म्हणजे तापट पोरगं. ॲसिटिक आम्लाची टोपी त्याच्या डोक्यावर घातली की त्याचं ॲसिटानिलाईड होतं, आणि ते गप्प बसतं. ही टोपी बसते तो सांधा म्हणजे अमाइड. आता त्याच्याकडून हवं ते काम करून घ्या, आणि शेवटी टोपी काढा.” मुलं हसायची. हेही हसायचे.

लढाईच्या दिवसांत त्यांची धाकटी बहीण बाळंतपणासाठी आईबरोबर सांगलीला त्यांच्या घरी आली. नवरा फौजेत, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. मुलगी झाली. बर्फी घेऊन ते माझ्या वर्गात शिरले आणि फळ्यावरचं माझं गणित बाहीनं पुसून गेलं तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग बाळंतिणीला ताप भरला. थंडी वाजून यायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. डॉक्टरांनी त्यांना अंगणात बोलावून सांगितलं, “रक्तात विष भिनतंय. सल्फाच्या गोळ्या मिळाल्या तर काही आशा आहे.” गोळ्या सगळ्या लष्कराकडे जात होत्या. सांगली-मिरजेत मी सायकलवरून दुकानं पालथी घातली. पुण्याला तार केली. गोळी कुठेच नव्हती.

“फिजिक्सवाले,” ते मला म्हणाले, “सल्फा म्हणजे काय ठाऊक आहे? आपल्या ॲसिटानिलाईडचाच पुढचा भाऊ. मी करतो.”

त्यासाठी एक जहाल आम्ल लागतं. लढाईपूर्वी आलेली त्याची एकच बाटली कपाटात होती. बूच सैल झालेलं, आत दमट हवा शिरून आम्ल उतरलेलं. उघडल्यावर धूर यायला हवा होता तसा आला नाही. त्यांनी ते तसंच ॲसिटानिलाईडवर ओतलं. मग बर्फ, मग अमोनिया. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी टोपी काढायला सगळं हलक्या आम्लात उकळलं आणि सोडा टाकला. तळाशी पिवळट पूड बसली.

ती वाळवून त्यांनी बारीक नळीत भरली आणि तापवून पाहिली. शुद्ध पदार्थ एका ठराविक तापमानाला वितळतो. ही पूड त्याच्या आधीच ओलसर झाली आणि मग रेंगाळत वितळली.

“भेसळ आहे,” ते म्हणाले.

“पण औषध आहे ना त्यात?”

“आहे. आणखी काय आहे, ते सांगता येत नाही.”

त्यांनी चिमूटभर पूड स्वतःच्या जिभेवर टाकली आणि गिळली. काही झालं नाही. मी म्हटलं, “बघा!” तर म्हणाले, “मी धडधाकट माणूस. माझ्यावरून तिचं काय ठरवणार?”

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पुडी उघडून उजेडात धरली. “हे तुम्ही केलंय. यात काय आहे ते मी कसं सांगू?”

पूड घेऊन ते बहिणीच्या खाटेपाशी गेले. तिनं त्यांचा हात धरला. हात भाजत असावा, कारण ते दचकले. “दादा, बस की रं हितं. कुटं जातुयास सारखा?”

“आलोच. तुझं औषध एकदा धुऊन आणतो.”

पुडी खिशात तशीच घेऊन ते कॉलेजात परतले. पूड पुन्हा गरम पाण्यात विरघळवली, कोळशातून गाळली, आणि भांडं निवायला ठेवलं. बर्फात ठेवलं तर स्फटिक घाईनं येऊन मळ पुन्हा आत अडकेल, म्हणून बर्फात ठेवलं नाही. आम्ही दोघं त्या स्वच्छ पाण्याकडे बघत बसलो होतो.

दारात त्यांची आई येऊन उभी राहिली. विश्रामबागेच्या रस्त्यानं ती अनवाणीच आली होती. लेकाकडे न बघता ती मला म्हणाली, “आवं मास्तर, त्याला म्हनावं, आता नगं. घरला चल म्हनावं.”

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो, तर भांड्यात लांब, पांढरे, सुयांसारखे स्फटिक आले होते. बहिणीला स्मशानात पोचवून संध्याकाळी तेही आले. त्यांनी नळी भरली आणि तापवली. जिथं वितळायला हवं तिथंच, एकदम वितळलं. त्यांनी दिवा विझवला आणि सगळं भांडं मोरीत ओतलं.

लढाई संपल्यावर मेहुणा आला. खाकी कपड्यांतच, छातीवर रंगीत फिती. कॉलेजच्या व्हरांड्यात त्यानं त्यांना गाठलं. आवाज चढवला नाही.

“पाव्हणं, औषद तयार झालं हुतं म्हनं?”

“झालं होतं.”

“मग दिलं का न्हाई?”

हे बाहीवरचा खडू झटकत राहिले. मेहुणा टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला. मुलीला तो आपल्या गावी घेऊन गेला, आणि मामाला ती पुन्हा दाखवली नाही.

त्याच सालात त्यांनी कॉलेज सोडलं. साताऱ्याच्या एका शाळेत ते भूमिती शिकवू लागले. काही वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. केस पांढरे झाले होते. मला पाहून “या” म्हणाले. फिजिक्सवाले म्हणाले नाहीत. “परत या, मुलं आठवण काढतात,” मी म्हटलं. “भूमिती बरी,” ते म्हणाले. “काय दिलंय ते आधीच लिहिलेलं असतं.”

मला एस्टीपर्यंत पोहोचवायला ते पेठेतून चालत आले. एका औषधाच्या दुकानात, काउंटरवरच्या मोठ्या बरणीत सल्फाच्या गोळ्या काठोकाठ भरल्या होत्या आणि दुकानदार त्या शेंगदाण्यासारख्या मूठभर काढून पुडीत बांधत होता. माझ्याशी बोलता बोलता ते थांबले, रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले आणि मान खाली घालून चालत राहिले. आम्ही दोघं दोन कडांनी स्टँडपर्यंत गेलो.