धुळीआडचे तारे

दुपारचं जेवण उरकून कालिंदी पलंगावर जरा लवंडते. गुर्जर सर जाऊन महिना होत आला. त्यांच्यावरचा श्रद्धांजलीचा लेख तिनेच लिहायचा, असं खगोलशास्त्र विभागात ठरलंय. पट्टशिष्या ना ती! पहिलं वाक्य जुळवता जुळवता डोळा लागतो न लागतो, तोच स्वयंपाकघरातून सरांचा आवाज येतो.

"माझ्या चहात साखर नको गं."

कप घेऊन ती बाहेर येते, तर समोर विभागाचा लांबलचक व्हरांडा. सर पाठमोरे, गळ्यात मफलर. गेलेल्या माणसाशी कसं वागायचं असतं? ती आपली नेहमीसारखी दोन पावलं मागून चालू लागते.

"सर, माझा पेपर."

"कुठला?"

"रेडिओ दीर्घिकांचा. आठ वर्षं तुमच्या टेबलावर पडून होता तो."

पायाखालच्या फरशीचा बर्फ झालेला असतो. लडाखचा डोंगर, वर दुर्बिणीचा घुमट. इथेच तिने त्या दीर्घिका डोळ्यांना न दिसणाऱ्या, धुळीतून आरपार येणाऱ्या अवरक्त प्रकाशात टिपल्या होत्या. या दीर्घिका म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्यात आता नवे तारे जन्मत नाहीत, असं सर जन्मभर सांगत आले. तिच्या चित्रांत मात्र धूळ तापलेली दिसत होती. धुळीआड तारे जन्मत होते, ढिगांनी. 'अजून तपासू' म्हणत सरांनी पेपर अडवला. शेवटी परदेशातल्या कुणीतरी तेच छापलं, आणि त्याच्या भाषणाला सर तिलाच सोबत घेऊन गेले.

ती चित्र पुढे करते. "एकदा बघा तरी."

"पाहिलंय. तू दिलंस त्याच दिवशी. पटलंही."

"पटलं? मग अडवलंत का?"

"पटलं नसतं तर कशाला अडवलं असतं? चुकीचं छापून तुझं तूच निस्तरलं असतंस."

"माझी आठ वर्षं गेली, सर."

"माझी चाळीस जाणार होती." सर मफलर सारखा करतात. "लेखात काय लिहिणार आहेस?"

"खरं ते."

"छापणार कोण?" ते हसतात. रागाने नाही, कीव आल्यासारखे.

कालिंदी उठून बसते. घरात कुणी नाही. उठताना आधाराला म्हणून ती शेजारच्या वेताच्या खुर्चीवर हात टेकते. तिथे ऊन येत नाही, कुणी बसतही नाही. तरी बैठक कोमट लागते, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. ती तळहात दाबून पुन्हा पाहते. कोमटच.

ती खुर्ची उचलते, गच्चीत नेऊन ठेवते आणि दार लावून घेते.