थंड सालची पेटी

आंब्याला हात लावताना चाचा तळहात कधी लावत नसत. आजारी मुलाच्या कपाळाला आपण लावतो तसा पालथा हात फळाला टेकवायचे, थोडा वेळ तसाच ठेवायचे आणि मग आपल्याकडे वळून विचारायचे, "घाई कुणाला हाय? तुम्हाला की आंब्याला?" उत्तराची अपेक्षा नसे. आपण कितीही निवांत उभे असलो तरी घाई आपल्यालाच आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

तुम्ही रत्नागिरीहून पावसकडे गेला असाल, तर एक चढ संपल्यावर उजव्या हाताला समुद्राकडे उतरत गेलेली चाचांची बाग तुमच्याही नजरेत आली असेल. अठ्ठ्याण्णव साली मी तिच्या शेजारी घर बांधलं. मध्ये फक्त जांभ्या दगडांचा गडगा. मी हिशेब तपासण्याची नोकरी करणारा माणूस. आकडे जुळले नाहीत तर मला जेवण जात नाही. पडवीत मी एक तापमापक टांगला होता. चाचांना माझ्यात रस वाटला तो त्या तापमापकापुरता. सकाळी गडग्यापलीकडून हाक यायची, "ओ भाऊ, काय बोलतोय तुमचा पारा?"

मी आकडा सांगे.

"अर्धा अंश गिळू नका हां. सरकारला सांगता तसा नको, मला खरा सांगा."

बागेत शिरण्याआधी चाचा मालवाहू जहाजावर स्टुअर्ड होते. कप्तानाचं जेवण, कपडे, भांडी सगळं त्यांच्याकडे. त्यांचा एक कप्तान फ्रान्समधल्या कुठल्याशा डोंगरउतारावरच्या गावचा होता आणि त्याच्या घरची द्राक्षबाग होती. काळी द्राक्षं, सिराह जातीची. त्यांची वाइन तो जहाजावर आणायचा, आणि बाटल्या सांभाळायचं काम चाचांचं.

"एकाच तुकड्यातली द्राक्षं, भाऊ. शेजारच्या बांधावरचा एक घड त्यात जायचा नाय. आणि बाटलीवर साल लिहिलेलं. गरम सालची उघडली की मुरंब्यासारखा वास. थंड सालची उघडली की कुणी मिरी फोडली काय, असं वाटायचं. द्राक्ष तेच, माती तीच. फक्त थंडी रेंगाळली म्हणून फळ सावकाश पिकलं, गोडी कमी धरली, आंबटपणा राखला. कप्तान गरम सालची पाहुण्यांना पाजायचा. थंड सालची एकटा बसून प्यायचा."

माझ्या बायकोने एकदा त्यांना सरळच विचारलं, "चाचा, खरं सांगा, एक घोटही नाही घेतलात?"

"नाय वहिनी. एक थेंब नाय. पण नाकाचा रोजा कोण धरतो?"

जहाज सोडून आल्यावर चाचांनी तोच नियम आपल्या बागेला लावला. इथे पद्धत अशी, की बहुतेक बागांचा माल एकाच दलालाकडे जातो, तिथे आकारमानाने निवडला जातो आणि पेट्या भरल्या जातात. कुठला आंबा कुठल्या उतारावरचा, हे पेटी उघडणाऱ्याला कळायचा प्रश्नच येत नाही. चाचांच्या पेटीत चाचांचाच आंबा. एकदा दलालाच्या माणसाने वरच्या थरात दुसऱ्या बागेची चार फळं घालून पेटी पुरी केली, तर हा गृहस्थ ती पेटी रिक्षात घालून परत घेऊन आला. मी गणित मांडून दाखवलं, की भाव तोच मिळतो, मिसळलं काय आणि न मिसळलं काय. चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोराची मार्कं शेजारच्या पोराच्या मार्कांत मिसळून सरासरी काढली, तर चालेल तुम्हाला?" माझा मुलगा गणितात कच्चा होता, त्यामुळे मला ते चाललं असतं.

मग ते थंड वर्ष आलं.

मोहोर वेळेवर आला, सुपारीपेक्षा लहान अशी कणी धरली, सगळे खूश होते. पण थंडी हलेना. फेब्रुवारी सरत आला तरी पहाटे पडवीत शाल लागायची. समुद्रकाठाला हे बरं नव्हे. झाडांना वाटलं, मोसम अजून संपलेला नाही. त्यांनी पुन्हा मोहोर काढला आणि नव्या मोहोरापायी जुनी कणी गळून गेली. सकाळी झाडाखाली हिरव्या मण्यांचा सडा पडलेला असायचा. जी फळं राहिली ती वाढेनात. चाचा पालथा हात लावून फिरायचे. आता मात्र कोणाला काही विचारत नसत.

बाग एकट्या चाचांची नव्हती. दाभोळला दिलेली त्यांची थोरली बहीण, आपा, तिचा त्यात वाटा होता. आपाच्या मुलाचा बंदरावर मच्छीचा धंदा. त्याने एक ठेकेदार गाठला होता. पुढची काही वर्षं बाग खंडाने द्यायची, ठेकेदार मोहोर लवकर आणणारं औषध झाडांना घालणार, पाच गावांचा माल एकत्र करून पाठवणार. घरच्यांनी काही करायचं नाही, ठरलेला खंड घ्यायचा. भाचा वाईट नव्हता. बाग आतबट्ट्यात चाललीय हे तो म्हणत होता आणि मला, आकड्यांच्या माणसाला, ते खोडून काढता येत नव्हतं.

चाचांकडे फोन नव्हता. आपाचा फोन आमच्याकडे यायचा, आणि आपा दाभोळहून बोलायची ती फोनची गरज नसल्यासारखी. त्यामुळे बागेबद्दलचा तिचा निर्णय आमच्या सगळ्या घराने ऐकला.

"हे बघ, पोरगा बोलतोय यंदा आंबा बिघडला. तू बोलतोस नाय बिघडला. मी दोघांचं ऐकणार नाय. पेटी पाठव. खाऊन बघते. आपला आंबा असला तर बाग आपल्याकडे राहील. बाजारातल्यासारखाच असला तर मग वेगळा ठेवून भांडण कशाला? देऊन टाकू."

"बरं आपा," चाचा म्हणाले. फोन ठेवल्यावरही ते थोडा वेळ रिसीव्हरवर हात ठेवून उभे होते.

हापूस झाडावर पिकू देत नाहीत. चौदा आणे तयार झाला की तोडतात आणि गवताच्या अढीत पिकवतात. चौदा आणे म्हणजे फळाचे खांदे देठाच्या वर फुगून आलेले आणि देठ खळग्यात बसलेला. दरवर्षी हे कधी होणार याचा अंदाज लोक मोहोरावरून बांधतात, आणि तो बरोबर येतो. त्या वर्षी आसपासच्या बागांनी त्याच अंदाजाने तोडणी केली. चाचा थांबले.

एका शुक्रवारी भाचा आला. चाचा नमाजाला गेले होते. भाच्याने बोटांवर हिशेब केला, पहिला मोहोर कधीचा, आज किती दिवस झाले. हिशेब चोख होता. त्याने खालच्या झाडांचा आंबा उतरवला, पेटी भरली आणि आईने मागितली होती ती पेटी आपणच नेऊन द्यावी, म्हणून दुपारच्या गाडीने निघूनही गेला. जाताना माझ्या बायकोला सांगून गेला, "मामूंना बोला, त्यांची फेरी वाचवली."

चाचा परतले. फांद्यांवरचे तुटलेले देठ आणि खाली ठिबकलेला चीक त्यांनी पाहिला, आणि गडग्यावर येऊन बसले.

"बारा आण्याचा नेला," म्हणाले.

मी समजूत घालायला म्हटलं, "दोनच आण्यांचा तर फरक."

"भाऊ, दोन आण्यांचा फरक शोधायचा तुम्हाला पगार मिळतो."

बारा आण्याचा आंबा अढीत पिवळा होतो, पण सुरकुततो, आणि आत नुसता आंबट राहतो. आपा तोच खाणार होती आणि तेवढ्यावर ठरवणार होती. मी म्हटलं, फोन करून सांगा, ती पेटी कच्ची आहे म्हणून. चाचांनी मान हलवली. "सांगितलं तर बोलेल, आता आंबा खायच्या आधी मला सांगायला लागतो काय? तुम्ही तिला ओळखत नाय."

मग एकच उपाय उरला. वरच्या उताराचा आंबा चौदा आणे होईपर्यंत थांबायचं आणि दुसरी पेटी घेऊन जायचं. तोवर मे अर्ध्यावर आला. दक्षिणेकडे आभाळ भरायला लागलं. या दिवसांत झाडावरच्या आंब्याला पाणी लागलं की काळे डाग पडतात, चव पाणचट होते. आम्ही सगळे चाचांच्या मागे लागलो, तोडा आता. माझी बायको तर गडग्याशी जाऊन म्हणाली, "चाचा, तुमच्यापेक्षा मलाच जास्त धडकी भरलीय."

"मग तुम्ही आत जावा वहिनी. एकाने घाबरलं तरी पुरतं."

ढग आले, दोन दिवस डोक्यावर बसले आणि न बरसता उत्तरेकडे सरकले. तिसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी तोडायला घेतलं. मी कामावर जाता जाता पाहिलं. फळ लहान होतं, साल जाड, पण खांदे वर आले होते.

आंबा अढीत पिकल्यावर चाचा मला म्हणाले, "भाऊ, चला माझ्याबरोबर. पेटी मी धरतो. तुम्ही मला धरा."

एसटीने चिपळूण, पुढे गुहागर, धोपाव्याला उतरून लाँचने खाडी पार. पेटी लहानच होती. सगळ्या प्रवासात चाचांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टरने वर ठेवा म्हटलं, तर त्याला म्हणाले, "तुझं पोर ठेवशील का वर?"

आपाचं घर बंदराच्या वरच्या अंगाला. आपा ओट्यावर बसली होती, पांढऱ्या ओढणीत, भावापेक्षा धिप्पाड. भाचा दारातच उभा होता. चाचा पेटी मांडीवर घेऊन आपासमोर बसले.

"काय रे, असा ताठ का बसलास? कुणी मेला काय?"

"आपा, ती पेटी..." चाचा म्हणाले.

"कुठली?"

"ह्याने आणलेली."

"तिचं लोणचं घातलं."

चाचा तिच्याकडे बघतच राहिले.

"बघतोस काय? खांदे न फुगलेला आंबा तू तोडशील? पेटी उघडली आणि ओळखलं, ह्या शहाण्याचं काम हाय. खायचा कशाला मग तो?"

"अम्मी, मोहोरापासून मोजून बघा, दिवस भरले होते," भाचा म्हणाला.

"थंडीत मोजलेस काय ते? ह्या साली दिवस भरले तरी आंबा भरला नव्हता. बस खाली."

चाचांनी श्वास सोडला तो मला शेजारी बसून ऐकू आला. पण खरी परीक्षा पुढेच होती. आपाने पेटीतलं एक फळ उचललं, देठाशी नाक नेलं, सुरी मागवली. एक फोड स्वतः घेतली, एक माझ्यापुढे केली. मी खाल्ली. आधी जिभेच्या कडेला आंबटाचा चटका बसला आणि मी मनात म्हटलं, संपलं. मग मागून गोडी आली. दरवर्षी ती धावत येते. या वेळी चालत आली आणि गेली नाही. गिळून झाल्यावरही घशात एक उग्र, गरम वास राहिला. मला मिरी आठवली, पण ती चाचांनी डोक्यात भरवली म्हणून की खरंच, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

आपाने दुसरी फोड घेतली. मग कोय उचलली आणि ती साफ होईपर्यंत चोखली. शेवटी चाचाच म्हणाले, "आंबट हाय ना थोडा?"

"हाय. मगे? थंडी पडली तर आंब्याने काय स्वेटर घालायचा होता?" आपाने पदराला पुसावेत तसे हात ओढणीच्या टोकाला पुसले. "दुसऱ्या कुणाच्या बागेत हा होणार नाय. खंडाने द्यायची नाय बाग." मग मुलाकडे वळून, "आणि तू ठेकेदाराच्या मागे फिरण्यापेक्षा मोसमात मामूकडे जा. तोडायचा कधी, ते तरी शिकशील."

भाच्याने मान खाली घातली आणि हळूच पेटीतला एक आंबा उचलला.

चाचा जाऊन आता काही वर्षं झाली. ते गेले तेव्हा मोहोर नुकताच फुटत होता, आणि त्या मोसमाची तोडणी भाच्याने केली. बाग आजही घरचीच आहे, तिचा आंबा कुणात मिसळत नाही. भाचा वर्षातले चार महिने शेजारी राहतो, बोलतो फार, पण तोडायची घाई करत नाही.

मला मात्र चाचा आठवतात ते परतीच्या लाँचवरचे. आपाने पेटीतले निम्मे आंबे परत दिले होते, वाटेत खा म्हणून. धक्का सुटल्यावर चाचा उठले आणि लाँचवर जो बसला होता त्या प्रत्येकाच्या हातात एकेक आंबा ठेवत गेले. एक कोळीण, बाजाराला निघालेले दोघे, एक मास्तरांसारखा दिसणारा गृहस्थ, चाक धरलेला खलाशी. कोणी विचारलं, कसला आंबा, तर सांगत, "यंदाचा." शेवटी स्वतःसाठी एक ठेवला. लाँचच्या कठड्यावर वाकून, रस खाडीत टपकू देत, त्यांनी तो खाल्ला. धोपावे जवळ आलं, लोक उतरायला उठले, तरी ते तसेच वाकून उभे होते, आणि मी त्यांना हाक मारली नाही.